सासूबाईंच्या खोलीपर्यंत आलेला व्हॅम्पायर

ग्रेडी हेन्ड्रिक्सची 'द सदर्न बुक क्लब्स गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स' (२०२०) ही भयकादंबरी मी ओळखीच्या बायकांना वाचायला सांगते आणि त्याच दमात तिच्याबद्दल तक्रारही करते.

कथा अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात, चार्ल्सटनजवळच्या माउंट प्लेझंट या उपनगरात घडते. काळ मुख्यतः १९९० च्या दशकाचा. पॅट्रिशिया पूर्वी नर्स होती, आता घर सांभाळते. नवरा मानसोपचारतज्ज्ञ, दोन मुलं, आणि स्मृतिभ्रंश झालेली सासू, मिस मेरी. मैत्रिणी जमून खऱ्या खुनांवरची पुस्तकं वाचतात. अशात जेम्स हॅरिस नावाचा देखणा माणूस शेजारी राहायला येतो. तोच व्हॅम्पायर.

पहिला अर्धा भाग जबरदस्त आहे. मिस मेरी त्याला बघून बिथरते, लहानपणी पाहिलेल्या माणसाच्या नावाने हाक मारते. पण म्हातारीचं बोलणं मनावर कोण घेणार! इथे मी पुस्तक मिटून बसले. आमच्या जुळे सोलापूरच्या घरात सासूबाईंचं हेच चालायचं. चाटी गल्लीतल्या दुकानाची उधारी द्यायची राहिलीय, असा घोर लागायचा त्यांना. आम्ही 'हो हो' करून गोळी पुढे करायचो. त्यांना सांभाळायला पूर्व भागातून एक अक्का यायच्या, आधी विड्या वळायच्या. त्या मात्र शेजारी बसून विचारायच्या, "किती द्यायचेत आई? कुणाच्या नावावर लिहिलंय?" सासूबाई शांत व्हायच्या.

कादंबरीतही मिस मेरीला सांभाळणारी एक बाई आहे, मिसेस ग्रीन. माझा राग तिथूनच सुरू होतो. ती सिक्स माइल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहते. मुलं आधी तिथली बळी जातात, पोलीस ढुंकून बघत नाहीत. हे तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. लेखकाला हा अन्याय दिसतो, तो लिहितोही. पण गोष्ट पॅट्रिशियाच्या घरातून हलत नाही. मिसेस ग्रीन संकटाच्या वेळी येते, अंगावर घेते, आणि पुन्हा पानाआड जाते. तिच्या घरात रात्री काय बोलणं होत असेल, हे मला वाचायचं होतं.

मध्ये तीन वर्षांची उडी आहे. तोवर नवरेमंडळींचे पैसे जेम्स हॅरिसबरोबरच्या जमिनीच्या धंद्यात अडकलेले असतात, त्यामुळे खरं बोलणारी बायको म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली. नवरा तिला गोळ्या सुरू करतो, तेही काळजीच्या सुरात. रक्तपिपासूपेक्षा मला त्या सुराचीच भीती वाटली. हे लेखकाने फार नेमकं पकडलंय.

शेवटाकडे मात्र तोल जातो. मैत्रिणींपैकी एकीच्या शरीराचे जे हाल होतात ते मला पटले नाहीत. व्हॅम्पायर किती क्रूर आहे हे तोवर पुरतं कळलेलं असतं. मग एका बाईची विटंबना कशाला? तिचं दुःख नीट मांडायलाही पुढे जागा दिलेली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. इंग्रजी सोपं आहे, संवाद पटापट पुढे जातात. उंदरांचा प्रसंग आणि कानात शिरणारं झुरळ, ही पानं जेवताना उघडू नका. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पुस्तक सध्या बाजूला ठेवा, मिस मेरीची प्रकरणं झेपणार नाहीत.