मुंबईच्या खिडकीत व्हीनस फ्लायट्रॅप ठेवावा की ड्रोसेरा?

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. कीटक खाणारं झाड घरी ठेवायचंय, जागा म्हणजे खिडकीची ग्रिल, हवा मुंबईची, तर फ्लायट्रॅप आणावा की ड्रोसेरा? मी दोन्ही आणले होते, एकाच आठवड्यात, मुलुंडला चौथ्या मजल्यावर, पूर्वेची खिडकी आणि सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत थेट ऊन. ड्रोसेरा म्हणजे आपण ज्याला दवबिंदू म्हणतो ते, आणि त्यातला मी बोलतोय तो ड्रोसेरा कॅपेन्सिस, दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा, लांब पट्टीसारख्या पानांचा, कारण नवीन माणसाला सहज मिळतो तो हाच.

पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे, हलके दगडी दाणे), प्लास्टिकची कुंडी, खाली बशीत पाणी, खत अजिबात नाही, हे तुम्ही वाचलेलं असणारच आणि दोघांनाही ते सारखंच लागतं, त्यामुळे निवड त्यावर ठरत नाही. फक्त पाण्याबद्दल सांगतो कारण इथे बरेच जण फसतात. घरच्या प्युरिफायरमधलं पाणी चालेल असं वाटतं, पण बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी मिनरल परत मिसळणारी सोय असते, आणि या झाडांना नेमकं तेच बाधतं. मी जून ते सप्टेंबर ग्रिलबाहेर टब ठेवून पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून घेतो, झाकण घट्ट लावून, आणि ते संपलं की डिस्टिल्ड वॉटर. आणि बशीतलं पाणी दर रविवारी ओतून बशी आतून घासायची, नुसती विसळायची नाही, कारण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात घालतो अंडी आणि ती कडेला चिकटून राहतात. आमच्या मजल्यावर एक लहान बाळ आहे, त्यामुळे या बाबतीत मी हयगय करत नाही.

आता फ्लायट्रॅप. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने घरात सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं. पानाचा तो जबडा डोळ्यांदेखत मिटतो, पापणी लवायच्या आत, त्याची सर ड्रोसेराला येत नाही आणि येणारही नाही. माझ्या मुलीने आठवडाभर त्याच्यासमोर बसून अभ्यास केला. आतल्या बारीक केसांना एकदा धक्का लागला तर तो हलत नाही, वीसेक सेकंदांच्या आत दुसरा लागला तरच मिटतो, म्हणजे पावसाचा एखादा थेंब पडला म्हणून ताकद वाया घालवायची नाही, हे तिला समजावून सांगताना मलाच नव्याने आश्चर्य वाटत होतं. त्रास एवढाच की घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्यात बोट घालतो. एक जबडा मोजक्याच वेळा मिटू शकतो, मग तो काळा पडून जातो, आणि पाहुण्यांना दर वेळी नको म्हणणं बरं दिसत नाही. पण हे निभतं, कुंडी थोडी उंचावर ठेवली की झालं.

निभलं नाही ते दुसरंच. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचं, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या दलदलीतलं, जगात दुसरीकडे कुठेही ते मुळात नव्हतं. (तिथे इतकी चोरी व्हायची की २०१४ पासून नॉर्थ कॅरोलिनात जंगलातून ते उपटणं गंभीर गुन्हा धरला जातो.) तिथे थंडी असते, जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, आणि झाड तीनेक महिने चक्क झोपतं. पानं बारीक होतात, वाढ थांबते, सगळा जीव जमिनीखालच्या कंदासारख्या भागात गोळा होतो. ही झोप त्याला मिळाली नाही तर ते लगेच मरत नाही, पण हळूहळू खंगत जातं. आणि आपल्याकडे? मुंबईचं आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, जानेवारी १९६२ चं. म्हणजे इथल्या सगळ्यात गार रात्री जेवढी थंडी पडली ती या झाडाला तिकडे हिवाळ्यात रोजचीच, आणि तीही आपल्याला एकच रात्र मिळाली. दिवसही आपला डिसेंबरात अकरा तासांच्या खाली फारसा जात नाही, त्यामुळे आता झोपायची वेळ झाली हे त्याला कळणार तरी कशावरून.

पहिल्या हिवाळ्यात मी काहीच केलं नाही, म्हटलं बघू या. फेब्रुवारीपर्यंत ठीक दिसत होतं. पण एप्रिलमध्ये जे नवीन जबडे आले ते मुगाच्या दाण्याएवढे, अर्धवट उघडणारे, रंग फिका. पावसाळ्यात जरा सावरलं. मग दुसऱ्या हिवाळ्यात सगळे सांगतात तो उपाय केला, फ्रिजचा. कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) गुंडाळायचं, झिपच्या पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, अन्नाच्या जागी माती कशाला?" तिचंही चूक नव्हतं. तरी तिने एक डबा रिकामा करून दिला, वर कोथिंबिरीची जुडी, खाली फ्लायट्रॅप. चार माणसांच्या घरात फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतो विचार करा, खालच्या कप्प्यात थंडी एकसारखी राहतच नाही. मी दर रविवारी पिशवी उघडून बघायचो, बुरशी आलीय का, मॉस कोरडं पडलंय का, पांढरा ठिपका दिसला की ते पान कापून फंगीसाइड मारून परत बंद. हिरवं, वाढणारं काहीतरी जवळ असावं म्हणून झाड आणलं आणि तीन महिने ते अंधारात पिशवीत ठेवून त्याची नुसती काळजी करत बसायचं, हे मला फार जड गेलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मधला भाग दाबून पाहिला तर मऊ लागला. वास आला. गेलं होतं.

कदाचित माझी पद्धत चुकली असेल, मॉस जास्त ओलं राहिलं असेल. मुंबईत फ्रिजवर वर्षानुवर्षं फ्लायट्रॅप जगवणारे लोक असतील, त्यांना मी खोटं ठरवत नाही. पण हे दर वर्षी करायचं, एक हिवाळा चुकवून चालत नाही, ही गोष्ट मला विकत घेताना कोणी सांगितली नव्हती. विकणाऱ्याने "रोज पाणी, चार तास ऊन" एवढंच लिहून दिलं होतं.

ते तीन महिने ड्रोसेरा खिडकीतच होता, आणि त्याला कसलीच झोप लागत नाही. उलट मुंबईचा डिसेंबर-जानेवारी म्हणजे त्याचा सगळ्यात आवडता काळ. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, केस लालभडक (लाल झाले म्हणजे ऊन पुरतंय, फिके हिरवे राहिले तर जागा बदला), ते एकदा तुमच्या खिडकीत बघाच, फोटोत ते कळत नाही. केळी पिकायला ठेवली की जी चिलटं होतात ती आमच्याकडे आता ओट्यावर टिकत नाहीत, खिडकीत जाऊन चिकटतात. सकाळी नऊला चिलट अडकलं तर आधी आजूबाजूचे केस त्याच्यावर झुकतात, मग जेवणाच्या वेळेपर्यंत ते पानच त्याच्याभोवती दुमडायला लागतं. हे फ्लायट्रॅपसारखं टाळ्या वाजवण्याचं काम नाही, दोनदा येऊन बघायचं काम आहे. माझी मुलगी शाळेत जाताना एकदा बघते आणि आल्यावर परत.

त्याचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. मेलेली चिलटं पानावर तशीच वाळून राहतात, ज्यांना स्वच्छ, टवटवीत झाड हवं त्यांना ते किळसवाणं वाटेल. दुसरं म्हणजे धूळ. आमच्या शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा चिकट पानांवर सिमेंटची धूळ बसून ती राखाडी झाली, आणि पुसता तर येत नाहीत, मग पावसाच्याच साठवलेल्या पाण्याने हलकं स्प्रे करून धुवायची, थेंब धुऊन जातात पण एक-दोन दिवसांत परत येतात. आणि तिसरं, मे महिना. केपची हवा आपल्यासारखी नाही, आपल्या रात्रीही गरम, त्यामुळे मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात थेंब कमी होतात, पानं आखूड येतात. मी तेव्हा उन्हावर जाळी लावतो. एका मेमध्ये तर वरची सगळी पानं वाळली, मी गेलं असं समजून बशीतलं पाणी मात्र चालू ठेवलं, आणि जूनचा पाऊस लागला तसे मुळातून तीन कोंब वर आले. या झाडाची मुळंसुद्धा जोर धरून असतात, नुसत्या मुळाच्या तुकड्यापासून नवीन रोप होतं.

नाशिकला तुमचं घर किंवा हक्काचं कोणी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो, फ्लायट्रॅपची कुंडी डिसेंबर-जानेवारीत तिकडे गच्चीवर ठेवायची सोय झाली तर फ्रिजपेक्षा ते शंभर पटींनी बरं. मुलांना हालचालच दाखवायची असेल आणि वर्ष-दीड वर्षाने झाड जाणार हे मनाशी मान्य असेल तरी घ्या. मला स्वतःला मरणार हे माहीत असून झाड आणणं जमत नाही, पण तो माझा स्वभाव झाला.

अजून एक वाट आहे जी कोणी फारशी सुचवत नाही. आपल्याच मातीतले ड्रोसेरा. कासच्या पठारावर, कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात गवती दवबिंदू दिसतो, आणि ड्रोसेरा बर्मानी, नाण्याएवढा, जमिनीला चिकटून बसणारा, त्याचे कडेचे केस तर काही सेकंदांत आत वळतात. त्यांना आपला उकाडा सोसतो. एका वर्षाचंच आयुष्य असतं पण बिया भरपूर टाकतात. फक्त हात जोडून विनंती, पठारावरून एकही रोप उपटून आणू नका, ते पाऊस संपेपर्यंतही घरी जगत नाही आणि तिथलं मात्र कायमचं कमी होतं. कोणाकडे घरच्या रोपाच्या बिया असतील तर त्या मागा.

घ्यायचं ठरलं तर नोव्हेंबरमध्ये घ्या. कुरिअरच्या डब्यात एप्रिल-मेची उष्णता कुठलंच रोप सोसत नाही, आणि नोव्हेंबरात आलेल्याला उन्हाळ्याआधी मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. आल्या आल्या थेंब दिसणार नाहीत, प्रवासात गेलेले असतात, घाबरून लगेच खायला घालू नका.

फ्लायट्रॅपची कुंडी मी तशीच ठेवली होती, पीट चांगलं होतं म्हणून, ड्रोसेराच्या शेजारीच. ड्रोसेराला त्या मार्चमध्ये फुलं आली, गुलाबी, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी, त्याला परागीभवनाला दुसरं झाडही लागत नाही, आणि बिया पावडरसारख्या, वारा आला की कुठेही पडतात. जुलैमध्ये त्या रिकाम्या कुंडीत हिरवे ठिपके दिसले. मी शेवाळ समजलो. भिंग घेऊन पाहिलं तर मोहरीच्या दाण्याहून लहान पानं, आणि त्यांच्यावरही थेंब होते. मोजली तेव्हा अकरा रोपं होती, त्यातली चार वाटली, दोन गेली, पाच अजून आहेत. मुलुंड-ठाण्याच्या आसपास राहत असाल आणि पावसाचं पाणी साठवायची तयारी असेल तर नोव्हेंबरात एखादं तुम्हालाही देईन.