एक्सवरची लिस्ट: फीड बघणं सोडलं म्हणून ॲप वाचलं

सोशल मीडिया सोडतोय हे मी इतक्या वेळा जाहीर केलंय की आता घरचे हसत पण नाहीत. एक ॲप (नाव नको) तर काढूनच टाकलं, पाच मिनिटांसाठी उघडायचो आणि तासाभराने कुणातरी अनोळखी लोकांच्या भांडणातून डोकं धरून बाहेर यायचो. एक्स राहिलं ते फक्त लिस्टमुळे, म्हणून रिव्ह्यू पण तेवढ्याच फीचरचा.

फीचर जुनंच आहे हो, 2009 चं, तेव्हा ट्विटर होतं. हवी ती अकाउंट एका लिस्टमधे टाकायची, की तिथे फक्त त्यांच्याच पोस्ट दिसतात, फॉलो नसली केली तरी चालतं, आणि प्रायव्हेट ठेवली तर समोरच्याला पत्ता लागत नाही. पब्लिक असेल तर मात्र नोटिफिकेशन जातं (माझ्या पहिल्या लिस्टचं नाव 'हुशार पण बोअर' होतं, नशीब प्रायव्हेट होती). पिन केली की होमवरच टॅब येतो, झालं.

माझी लिस्ट सूर्यावर नजर ठेवणाऱ्यांची. मे 2024 मधे पैसे वसूल झाले, म्हणजे फुकटच आहे पण तरी. 3664 नंबरचा सौरडागांचा गट एवढा मोठा झालेला की ग्रहणाच्या चष्म्यातून दुर्बिणीशिवाय दिसत होता, आणि लिस्टमधली मंडळी आधीपासूनच सांगत होती की काहीतरी मोठं येतंय. 10 मेला सूर्यामुळे पृथ्वीवर आलेलं चुंबकीय वादळ जी5 ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला पोचलं, 2003 नंतर पहिल्यांदाच. त्या रात्री लिस्टच्या बाहेर नुसता ध्रुवीय प्रकाशाने गुलाबी झालेल्या आकाशाच्या फोटोंचा पूर, खरे कुठले खोटे कुठले काही कळेना, आणि इकडे लिस्टमधे एकजण शांतपणे समजावत होता की कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो म्हणून फोटोत रंग भडक येतात, डोळ्यांना तेच फिकट राखाडी दिसू शकतं. खाली चार जाणकारांचे प्रश्न, त्याची उत्तरं. असलं काही वाचायला मिळालं की ॲप ठेवावंसं वाटतं.

चूक माझी एकच, हावरटासारखी दीडशे अकाउंट भरली आणि परत तोच बाजार झाला. मग निवडून तीसवर आणली, आता दहा मिनिटांत वाचून संपते, आणि संपते हे महत्त्वाचं.

पाचपैकी चार स्टार. लिस्टमधे माणूस निवडता येतो, विषय नाही, आणि माझ्या लिस्टमधला सगळ्यात भारी माणूस रोज स्वतःच्या मांजरीचे सात-आठ फोटो टाकतो. एक स्टार त्या मांजरीने खाल्ला.