प्लाकातलं ग्रीक भांड्यांचं दुकान: फक्त वरची फळी बघा

अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी, प्लाका भागात प्राचीन ग्रीक भांड्यांच्या प्रतिकृती विकणारी दुकानं पैशाला पासरी आहेत. मी स्वतः कुंभाराच्या चाकावर बसते, त्यामुळे चित्र बघायच्या आधी भांडं उलटं करून बूड बघते. या दुकानात कोणी त्यावर डोळे वटारले नाहीत, हे पहिलं कौतुक.

खालच्या फळ्यांवरचा माल साच्यातला. कानाच्या आतून बोट फिरवलं की साच्याचा सांधा लागतो, आणि काळा रंग चक्क ॲक्रिलिक. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स फासे खेळताहेत ते, प्राचीन अथेन्सचा कुंभार-चित्रकार एक्सेकियासचं चित्र तर फुलदाणीपासून फ्रिजच्या चुंबकापर्यंत सगळीकडे. मूळ भांडं व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, इ. स. पू. ५४०-५३० च्या सुमाराचं. दोघांच्या तोंडाजवळ दानही लिहिलंय, एकाचं चार, दुसऱ्याचं तीन. त्यांच्या अंगरख्यांवरची नक्षी काळ्या थरात टोकदार अवजाराने कोरलेली आहे. इथे त्या जागी पांढऱ्या रंगाच्या रेघोट्या. पोरखेळ नुसता.

वरच्या फळीवरचे दोन कानांचे पसरट प्याले मात्र मालकांच्या भावाने चाकावर केलेले, आणि त्यांचा काळा हा रंगच नव्हे. लोहाचा अंश असलेली, भांड्याचीच माती गाळून गाळून तिचा लेप द्यायचा. मग एकाच भाजणीत आधी भट्टीत हवा खेळती ठेवायची, सगळं लाल होतं. नंतर झरोके बंद करून ओली लाकडं घालायची, सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडली की अंग परत लाल होतं, पण लेप तोवर कडक तापात काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. सांगायला सोपं, जमवताना घाम फुटतो. एका प्याल्याच्या काठाला तांबूस डाग राहिला होता, म्हणून थोडा स्वस्त. मी तोच उचलला. खऱ्या जुन्या भांड्यांवरही असे डाग दिसतातच.

किंमत ऐकून पोटात गोळा येतो, घासाघीस चालत नाही, आणि बांधणी अगदीच भिकार: वर्तमानपत्राचे दोन कागद. पाचपैकी साडेतीन.

जाणार असाल तर आधी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात वरच्या मजल्यावरची भांडी बघून घ्या, नजर तयार होते. पावतीवर प्रतिकृती असल्याचं लिहून घ्या. आणि प्याला हातातल्या सामानातच ठेवा; आपटला की आधी कान जातात.