प्रॉमन्टरीचा उखडलेला लोहमार्ग आणि टोपोव्ह्यूवरचे जुने नकाशे

युटाच्या उंच वाळवंटात, प्रॉमन्टरी समिटला, 10 मे 1869 रोजी अमेरिका ओलांडणाऱ्या पहिल्या लोहमार्गाचे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. 1904 मध्ये ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरावरून जाणारा लुसिन कटऑफ हा जवळचा लोहमार्ग सुरू झाला आणि प्रॉमन्टरीचा मार्ग मागे पडला. 1942 मध्ये युद्धासाठी लोखंड हवे म्हणून रूळही उखडले. या उखडलेल्या मार्गाचा माग काढायचा तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळाला तोड नाही. 1884 ते 2006 दरम्यानची स्थलनिर्देशक पत्रके तिथे स्कॅन करून फुकट दिली आहेत.

1:24,000 चे पत्रक आधी घ्या: 1 सेंटीमीटर म्हणजे 240 मीटर. आपल्याकडच्या 1:50,000 टोपोशीटची सवय असेल तर यातला तपशील पाहून हरखून जाल. रुळांची जागा तुटक रेषेने दाखवलेली असते, शेजारी ‘ओल्ड रेलरोड ग्रेड’ असे लिहिलेले असते. आडबाजूच्या भागात मात्र प्रत्येक काळाचे, प्रत्येक प्रमाणाचे पत्रक मिळत नाही. 1942 आधीचे फक्त 1:2,50,000 चे मिळाले तर त्यावरून स्थानकांची नावे घ्या, मोजमापे घेऊ नका.

वर्ष नीट तपासा. सर्वेक्षणाचे साल आणि छपाईचे साल वेगळे असते, दोन्ही समासात सापडतात. लुसिन कटऑफचा सरोवरावरचा लाकडी पूल जाऊन 1959 मध्ये दगडी भराव आला, त्यामुळे जुने सर्वेक्षण नव्या छपाईत आले की गोंधळ होतो. किनाऱ्याच्या रेषेवर तर विसंबूच नका. सरोवर इतके उथळ आहे, की पातळी थोडी उतरली तरी पाणी कित्येक किलोमीटर मागे जाते.

डाउनलोड करताना जिओटिफ (स्थानाची माहिती सोबत असलेली चित्रफाइल) निवडा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते थेट जागेवर बसते. जेपीजी फक्त पाहायला बरे. सर्वाधिक चुका डेटममुळे, म्हणजे स्थाने ज्या संदर्भावरून मोजतात त्यामुळे होतात: जुनी पत्रके नॅड27 या 1927 च्या डेटमवर आहेत. त्यांवरचे यूटीएम (मीटरच्या जाळीतले स्थानदर्शक) आकडे तसेच नव्या डेटमवर चालणाऱ्या जीपीएसमध्ये भरले, तर जागा उत्तर-दक्षिण सुमारे 200 मीटर चुकते. जीपीएसमध्ये आधी नॅड27 लावा. समासातला चुंबकीय फरकही (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) कालबाह्य आहे, आजचा आकडा घ्या.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवून 100 टक्क्यांवर छापा आणि नकाशावर छापलेले रेषाप्रमाण (अंतराची रेघ) पट्टीने मोजून बघा. लुसिन गावाकडून प्रॉमन्टरीकडे येणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या भरावावरून आता गाडी नेता येते, पण नकाशात रेषा सलग दिसली तरी जुन्या लाकडी पुलांवर गाडी घालायची नाही, बाजूच्या वळणवाटेने जायचे.