शिक्षेनंतर घेतलेला मोटारविमा: एक अभिप्राय

मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल न्यायालयाने मला दोषी ठरवले, परवाना वर्षभर गेला आणि तो परत मिळाल्यावर जुन्या विमा कंपनीने मला ग्राहक म्हणून ठेवण्यास नकार दिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या दुसऱ्या कंपनीने मला स्वीकारले, तिच्या सर्वसमावेशक पॉलिसीविषयी हा अभिप्राय आहे.

तिच्या प्रस्तावपत्रात पूर्वीच्या गुन्ह्यांविषयी प्रश्न आहे, पण किती वर्षांपर्यंतचे सांगायचे ते लिहिलेले नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. ब्रिटनमध्ये या गुन्ह्याची परवान्यावरील नोंद 11 वर्षे राहते, तरी विमा कंपनीला शिक्षा सहसा 5 वर्षांपर्यंतच सांगावी लागते. कॅलिफोर्नियात मात्र चांगल्या चालकाची सवलत 10 वर्षे मिळत नाही. माहिती दडवल्याचे अपघातानंतर उघड झाले तर दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून मी विचारले त्याहून अधिकच लिहिले.

संकेतस्थळावर आधी दिसलेला हप्ता त्यानंतर जवळपास दुप्पट झाला. वाढ अपेक्षितच होती. खटकले ते एवढेच की शिक्षेपोटी किती आणि विमा खंडित झाल्याने बुडालेल्या नो क्लेम बोनसपोटी (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीपोटी) किती, याची फोड कोणी देईना. तिसऱ्या फोनवर ‘सिस्टीमच ठरवते’ असे उत्तर मिळाले, आणि त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला खरोखरच त्यापलीकडे काही दिसत नसावे.

पॉलिसीचा मजकूर मात्र, छोट्या अक्षरांत असूनही, मी वाचलेल्या अशा कागदांत सर्वांत सरळ आहे. चालक नशेच्या अमलाखाली असताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळणार नाही. जखमी झालेल्या त्रयस्थ व्यक्तीला कायद्यानुसार भरपाई दिली जाईल, परंतु ती रक्कम चालकाकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. विमा काढला की आपण सुटलो, असे समजणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच होतो) हे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी विम्याने आपल्यावरून उतरत नाही, ती फक्त काही काळ कंपनी उचलते, हे मला त्या परिच्छेदातून कळले.

प्रत्येक दाव्यात स्वतः भरायचा हिस्सा नेहमीपेक्षा जास्त आहे, हे दरपत्रकात पहिल्याच पानावर आहे. मजकुरासाठी चार तारे, ग्राहकसेवेसाठी दोन.