ईस्टन एक्स10 : सत्तर मीटरचा बाण

ईस्टन कंपनीचा एक्स10 हा बाण तयार झाला तो 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी, आणि सत्तर मीटरच्या रिकर्व्हमध्ये (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीत) त्याला तोड नाही.

आत अ‍ॅल्युमिनियमची नळी, वरून कार्बन. शाफ्ट, म्हणजे बाणाची काठी, मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळता. बारीक असल्याने वारा कमी लागतो, आणि त्या मानाने वजनदार असल्याने लागलेल्या वाऱ्याने कमी ढळतो. सत्तर मीटरवर दहाचं वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचं असतं. तिथे हा फरक गुणांत दिसतो.

स्पाइन, म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचा आकडा, निवडताना घाई नको. 500 म्हणजे 28 इंचांवर आधार देऊन मधोमध 880 ग्रॅम टांगले की शाफ्ट अर्धा इंच वाकतो. आकडा लहान, तितका बाण कडक. पूर्ण खेचीला बोटांवर येणारं वजन मोजूनच तक्ता पाहा. लिंब्जवर (धनुष्याच्या पात्यांवर) छापलेल्या पाउंडांवर जाऊ नका. सुटे शाफ्ट घ्याल तर वजनाचा सी-क्रमांक आधीच्या संचाशी जुळवा.

कापायचा तो पुढच्या टोकाकडून, अपघर्षक चक्रावर. पाइप कटरने कार्बन चिरतो. पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, बसवताना हॉट मेल्ट (तापवून वितळवायचा गोंद) वापरा, आणि आच पॉइंटला द्या, शाफ्टला कधीच नाही. जास्त तापला की कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियममधला चिकटा सुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, मात्र तो बाण बाकीच्या बाणांच्या गटात बसेनासा होतो. महागडे शाफ्ट सर्वाधिक वाया जातात ते इथेच.

मागची पिन, जिच्यावर नॉक (दोरीत अडकवायची खाच) बसते, हा उत्तम भाग. मागून येणारा बाण आदळला तर मार पिन खाते, शाफ्ट वाचतो. मात्र वाकलेली पिन पटकन कळत नाही. दर सत्रानंतर बाण फिरवून नॉक डगमगतो का ते बघा.

बाण धनुष्याशी जुळवायला तीन वेन्सवाले (मागे पिसं असलेले) आणि दोन बिनवेन्सचे बाण 30 मीटरवरून मारा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनवेन्सचे डावीकडे गेले तर बाण कडक आहे: प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणाऱ्या दट्ट्याची) स्प्रिंग सैल करा किंवा पॉइंट जड घ्या. उजवीकडे गेले तर मऊ. स्प्रिंग आवळा किंवा ब्रेक-ऑफ पॉइंट (तुकडे मोडून हलका करता येतो तो) असेल तर त्याचा 10 ग्रेनचा तुकडा मोडा. शाफ्ट कापणं अगदी शेवटी, कारण कापलेलं परत येत नाही.

किंमत जबर आहे. ज्याचा ड्रॉ, म्हणजे खेचीचं वजन, अजून दर महिन्याला बदलतो, त्याने स्वस्त कार्बनवरच थांबावं. ते वजन वाढलं की हा संच स्पाइनला मऊ पडतो आणि सगळाच बदलावा लागतो.