एका डोलकाठीचं कटर, प्रमाण १:६४ : लाकडी जहाजाच्या किटचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अठराव्या शतकात ब्रिटिश नौदल किनाऱ्यावरच्या गस्तीसाठी आणि चोरटा व्यापार पकडण्यासाठी जी चपळ, छोटी कटर जातीची जहाजं वापरायचं, त्यातल्या एकाचं हे किट आहे. डोलकाठी एकच, पुढच्या टोकातून बाहेर आलेला लांबलचक वासा (बोस्प्रिट) आणि डेकवर मोजक्या हलक्या तोफा. मूळ जहाज साधारण ५५ फुटी, त्यामुळे १:६४ प्रमाणात सांगाडा सुमारे २६ सेंटिमीटरचा होतो. खोक्यात लेसरने कापलेला ५ मिमी प्लायवूडचा कणा आणि त्यात आडव्या बसणाऱ्या फासळ्या (बल्कहेड), त्या सांगाड्यावर चढवायच्या पहिल्या थरासाठी १.५ × ४ मिमी लिंडेन या लाकडाच्या पट्ट्या, दुसऱ्या थरासाठी १ × ४ मिमी अक्रोडाच्या पट्ट्या, कोरीव पितळी पत्रा, कप्प्या, डेडआय (डोलकाठीचे दोर ताणायचे भोकं पाडलेले गोल ठोकळे), दोरे आणि नकाशे येतात. नकाशे उत्तम आहेत आणि प्लायवूड चांगलं आहे. पट्ट्या बऱ्या आहेत. दोरा आणि कप्प्या मात्र बदलायच्याच, हे धरूनच किट घ्यावं.

पहिलं मॉडेल म्हणून अनेकजण थेट 'व्हिक्टरी' या नेल्सनच्या मोठ्या युद्धनौकेकडे वळतात. ट्रफाल्गरच्या लढाईत तिच्यावर १०४ तोफा होत्या. प्रत्येक तोफेला गाडा, चार चाकं, मागचा जाड दोर आणि बाजूला कप्प्या लागतात. तेच काम शंभर वेळा करायचं म्हटल्यावर बहुतेक खोकी अर्धवट राहून माळ्यावर जातात. त्यामानाने कटर आटोपशीर आहे. पण लहान म्हणजे सोपं असं समजू नका. कटरची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, गोल आणि फुगीर असते, त्यामुळे पट्ट्यांना थोड्याच अंतरात मोठं वळण घ्यावं लागतं. या बाबतीत निमुळत्या नाळेचं लांब जहाज उलट सोपं जातं.

सांगाडा जोडण्याआधी कण्याचा प्लायवूड काचेवर ठेवून सरळ आहे का ते बघा. बाक असेल तर दोन सरळ पट्ट्यांमध्ये दाबून ठेवा आणि बल्कहेड बसवतानाही तो दाब काढू नका. खोट्या डेकचा (डेकच्या पट्ट्यांखाली येणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा चिकटला की सांगाड्याचा आकार कायमचा ठरतो, नंतर पीळ निघत नाही. बल्कहेडच्या खाचा काही ठिकाणी ढिल्या निघतात, तिथे कागदाची किंवा पातळ लाकडाची चकती घालून प्रत्येक बल्कहेड गुण्यात, म्हणजे काटकोनात, घ्या. लेसरने काळी झालेली कड जिथे सांधा येणार तिथे घासून काढा. जळकी कड गोंद नीट धरत नाही.

बाकीच्या कडांवरचा काळेपणा मात्र मुद्दाम राहू द्या, बल्कहेड तासताना तो मोजपट्टीचं काम करतो. नाळेकडे जहाज पुढे निमुळतं होत जातं, म्हणून तिथल्या बल्कहेडची पुढची कड घासायची आणि मागची काळी रेघ शाबूत ठेवायची. मागच्या टोकाला बरोबर उलट. काळी रेघ गेली की तुम्ही आकारच कमी केला असं समजा. मग तिथे पातळ पट्टी चिकटवून पुन्हा घासण्यावाचून इलाज नाही. घासायची पट्टी इतकी लांब हवी की ती एका वेळी निदान तीन बल्कहेडवर टेकेल. छोट्या ठोकळ्याने घासलं तर प्रत्येक बल्कहेड आपापल्या परीने बरोबर दिसतो आणि पट्टी लावली की बाहेर पोट आणि खळगे उमटतात. तपासायला एक सुटी पट्टी चार-पाच बल्कहेडवरून फिरवा. प्रत्येक ठिकाणी ती कडेच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्यावर नाही. पुढच्या दोन बल्कहेडच्या मध्ये बाल्सा या मऊ, हलक्या लाकडाचे ठोकळे भरून त्यांना नाळेचा आकार द्या. सूचनापुस्तिकेत हे ऐच्छिक म्हटलंय. या गोल नाळेसाठी ते अजिबात ऐच्छिक नाही, कारण ठोकळा नसेल तर पट्टीला शेवटच्या वळणावर टेकायला काहीच मिळत नाही.

किटमधली सगळ्यात मोठी त्रुटी मागच्या टोकाला आहे, आणि पुस्तिका त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कणा ५ मिमी जाड आहे. दोन्ही बाजूंना १.५ अधिक १ मिमीचे थर चढले की एकूण जाडी १० मिमी होते. पण ज्याला सुकाणू लटकायचं तो मागचा खांब ५ मिमीचाच आहे. तसंच पुढे गेलं तर पट्ट्या खांबाच्या दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिमी बाहेर येतात आणि सगळा डौल जातो. उपाय असा : मागच्या टोकाला कण्याचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी हळूहळू तासत शेवटी २ मिमीवर आणायचा. पहिला थर सुकला की त्याचं टोक घासत अर्ध्या मिमीपर्यंत न्यायचं. मग २ अधिक अर्धा-अर्धा अधिक एक-एक, बरोबर ५ मिमी. बल्कहेड जोडायच्या आधीच हे तासलं तर पटाशीला जागा मिळते, नंतर हात आत जात नाही.

पट्ट्यांचा हिशोब ही या छंदातली खरी विद्या आहे. वेलपासून, म्हणजे बाजूने फिरणाऱ्या जाड पट्ट्यापासून, कीलपर्यंत, म्हणजे तळाच्या कण्यापर्यंत, प्रत्येक बल्कहेडवर कागदाची पट्टी गुंडाळून लांबी घ्या. समजा मधल्या बल्कहेडवर ६४ मिमी आलं. ४ मिमीच्या पट्ट्या सोळा बसतील. नाळेपाशी ४० मिमी आलं तर तिथे प्रत्येक पट्टी अडीच मिमी रुंद हवी, म्हणजे टोकाकडे निमुळती करायची. मागे ७६ मिमी आलं तर प्रत्येकीला पावणेपाच मिमी लागतात आणि पट्टी तर चारचीच. उरलेल्या १२ मिमीसाठी मागच्या बाजूला तीन पाचरी पट्ट्या घालाव्या लागणार, हे पहिली पट्टी चिकटण्याआधीच कळतं. नाळेकडे अर्ध्याहून कमी रुंदी लागत असेल तर तितकं निमुळतं करू नका. टोक सुईसारखं होऊन कुरतडतं. त्याऐवजी दोन पट्ट्या एकीत मिळवा. हे आकडे प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलीने खुणा करून ठेवले की पुढचं काम निवांत चालतं. हिशोब न करता रुंद पट्ट्या तशाच दाबून बसवल्या तर त्या एकमेकींवर चढतात आणि नाळेपाशी सांधे उघडतात.

पट्ट्या जोडीने लावा, डावी एक आणि उजवी एक. एकाच बाजूला पाच-सहा पट्ट्या लावल्या तर त्यांच्या ओढीने सांगाडा पिळतो.

पट्टी वाकते ती मुख्यतः उष्णतेने. पाणी ती उष्णता आतपर्यंत पोचवतं आणि लाकूड जळू देत नाही. लिंडेनला वीसेक मिनिटं भिजवणं पुरतं. मग गोल डोक्याच्या इलेक्ट्रिक बेंडरवर सावकाश दाबत फिरवायची. घाई केली तर बाहेरच्या बाजूचे तंतू उचकटतात, अक्रोडात विशेष. वाकवलेली पट्टी जागेवर क्लॅम्पने धरून पूर्ण सुकू द्या आणि मगच चिकटवा. ओली पट्टी रुंदीला फुगलेली असते. तशीच चिकटवली तर सुकल्यावर आक्रसून केसाएवढी फट सोडते, आणि ही फट नेमकी दुसऱ्या थरात दिसते. दर काही मिलिमीटरवर चावा घेणारी पक्कड अनेक संचांत फुकट मिळते. तिने पट्टी अर्धवट कापली जाते आणि बाहेरून कोन दिसतात. पहिल्या थराच्या आतल्या बाजूला चालवायची तर चालवा, अक्रोडाला लावू नका.

गोंद दोन ठेवावेत. पहिल्या थराला पीव्हीए, म्हणजे सुताराचा पांढरा गोंद : जागा सरकवायला वेळ मिळतो, आणि चूक झाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून सांधा सोडवता येतो. इन्स्टंट ग्लू टोकं धरण्यापुरता. त्याचे डाग अक्रोडात मुरतात, वरून व्हार्निश लावल्यावर तेवढा भाग फिका राहतो आणि घासूनही जात नाही. पीव्हीएसुद्धा बाहेर आला की लगेच ओल्या फडक्याने पुसा. डेकच्या वर राहणारे बल्कहेडचे कान पुढे मोडून टाकायचे असतात, त्यांना गोंद लागू देऊ नका. आधी मेण चोळून ठेवलं की ते अलगद निघतात.

पहिला थर पूर्ण झाल्यावर आतून पातळ केलेला पीव्हीए फिरवा आणि बाहेरून १२०, १८०, २४० अशा क्रमाने पॉलिश पेपर मारा. खळग्यात लांबी (पुट्टी) भरायला इथे काहीच हरकत नाही, झाकलीच जाणार आहे. दुसऱ्या थराच्या अक्रोडाच्या पट्ट्या आधी रंगानुसार वेगळ्या करा : गडद, मध्यम, फिक्या. एकाच जुडग्यात तिन्ही निघतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) लावून रुंदीही बघा. ३.९ आणि ४.१ मिमीच्या पट्ट्या शेजारी लावल्या तर दहा पट्ट्यांनंतर दोन बाजूंच्या उंचीत फरक पडतो. अक्रोडाचा भुसा डोळ्यांना आणि घशाला त्रास देतो, मास्कशिवाय घासू नये.

जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लावायचा मोह आवरा. नौदलाने पहिला प्रयोग 'अलार्म' या जहाजावर १७६१ साली केला आणि सगळ्या ताफ्याला तांबं चढवायला १७७९ नंतर सुरुवात झाली. त्याआधीच्या कटरला पांढुरका लेपच शोभतो.

डेकच्या पट्ट्या अखंड लावू नका. खऱ्या जहाजावर २४ फुटांच्या आसपासची फळी असते, १:६४ मध्ये ती ११४ मिमी होते. सांधे एकाआड एक न घेता तीन पट्ट्या सोडून पुन्हा त्याच तुळईवर येतील असे घ्या. फटीतला डांबराचा काळेपणा दाखवायला पट्टीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवा. मार्कर वापरला तर व्हार्निशबरोबर शाई लाकडाच्या रेषेत पसरते. लाकडी खुंट्या दाखवायच्या असतील तर हिशोब करा : सव्वा इंची खुंटी या प्रमाणात अर्ध्या मिमीची होते. मोठ्या छिद्रांनी डेक देवी आल्यासारखा दिसतो, त्यापेक्षा खुंट्या नसलेल्याच बऱ्या.

आता दोरकाम. किटमधला सुती दोरा लवदार आहे, हवेतल्या ओलाव्याने कधी ताणतो, कधी सैल पडतो. पॉलिएस्टरचा पीळदार दोरा घ्या. जुन्या तक्त्यांत दोराचा घेर दिलेला असतो, व्यास नाही. आठ इंच घेराचा दोर म्हणजे अडीच इंच व्यास, आणि १:६४ मध्ये एक मिमी. घेराला व्यास समजून दोरे निवडले तर सगळं दोरकाम तिप्पट जाड होतं. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर डांबरलेले, म्हणून गडद. शिडं हलवणारे फिके. डेडआयच्या जोड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून तारेचा एक यू आकाराचा तुकडा वाकवून दोन्हीच्या भोकांत घाला, मगच वरचा डेडआय दोरात बांधा. डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या आडव्या दोऱ्या १३ इंचांवर, म्हणजे मॉडेलवर सुमारे ५ मिमीवर येतात. मागे रेघा आखलेला कागद अडकवून बांधल्या की डोळ्याला चुकायला वाव राहत नाही. मधल्या उभ्या दोरांना खुंटगाठ मारायची. गाठ ओढताना उभे दोर आत खेचले जातात आणि शिडी मध्यात बारीक होते, म्हणून दर पाच-सहा ओळींनंतर दोन्ही बाजूंनी बघा. खोक्यातल्या चौकोनी कप्प्या पॉलिश पेपरचं अस्तर लावलेल्या डबीत घालून हलवल्या तर कडा गोल होतात, पण खाचा उथळच राहतात. ३ मिमीच्या निदान नवीन घ्याव्यात.

हत्यारांपैकी रोज हातात राहिलेली म्हणजे छोटा रंधा, धारदार पात्यांची सुरी, व्हर्नियर, बेंडर आणि भरपूर क्लॅम्प. महागडा मिनी करवत-संच या किटला लागत नाही.

तयार मॉडेल काचेच्या पेटीत ठेवा, पण पेटीला ओकचं लाकूड वापरू नका. ओकमधून आम्लाची वाफ निघत राहते आणि बंद पेटीत शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते. कथील-मिश्र धातूच्या तोफांना हा त्रास होत नाही, पण खोक्यातला धातू कुठला हे लिहिलेलं नसतं. पेटीच्या तळाशी दोन-तीन बारीक भोकं ठेवून आतून जाळी लावली की हवा खेळती राहते. थेट उन्हात अक्रोड फिका पडत जातो, तेव्हा खिडकीसमोरची जागा टाळा.